वाढीची फट

उतेनाच्या जुन्या हॉलमधला हीटर
मनात आलं तर चालतो.
मी गुणांच्या टेबलाशी कोट घालूनच बसते,
सव्वीस वर्षं, दर शनिवारी.
आठवडाभर डेअरीत चीजची वजनं लिहिते,
शनिवारी पोरांचे गुण.
दोन्हीकडे रीत एकच :
काट्यावर आलं तेवढंच मांडायचं.

आज कौनासहून विस्मांतास आलाय,
खिशात शिंप्याची टेप.
एकच जागा आहे म्हणतो. वसतिगृहात एक खाट,
सकाळी लापशी, मग शाळा,
उरलेला सगळा दिवस चेंडू.

तौत्विदास माझ्या वहीत आहे.
चार वर्षांची पानं कुठूनही उघडा,
बोटाला लागतोच.
या मोसमात एकशे बारा फ्री थ्रो,
एकशे तीन आत.
वय सतरा, उंची एकशे चौऱ्याहत्तर,
तीही केसांसकट.

येरोनिमास पंधराचा.
प्रत्येक दाराला वाकून नमस्कार करतच आत येतो.
चेंडू हाती आला की असा अवघडतो
जणू कुणी आपलं तान्हं
जरा धर म्हणून देऊन गेलंय.
त्याच्या रकान्यात आज चार फाऊल, दोन गुण.
तेही उडी न मारता.

विस्मांतास त्याला भिंतीला टेकवतो,
हात पसरायला लावतो.
टेप मध्येच संपते. खूण करून पुन्हा लावतो.
बुटाचा नंबर विचारतो. पन्नास.
मग म्हणतो, आई आलीय का?

ती बाकांवरून उठते, स्वेटर खाली ओढत.
तिला वाटतं विचारेल काही,
खाणंपिणं, ताप, गणितातले मार्क.
तो तिला नुसती पायापासून डोक्यापर्यंत पाहतो
आणि कागदावर एक आकडा लिहितो.
ती उभीच.

तिच्या पिशवीत मनगटाचा एक्स-रे.
तो ट्यूबलाइटसमोर धरतो,
मलाही बोलावून दाखवतो, होणाऱ्या बापासारखा :
ही बारीक काळी रेघ दिसली?
हाड अजून मिटलेलं नाही. वाढीची फट.

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात.
हा पोटातलेच बघायला निघालाय.

मी म्हटलं, आणि तौत्विदास?
छान आहे पोरगा, तो म्हणाला,
काय आहे ते दिसतंयच.
म्हणजे दिसणं हाच गुन्हा.

राग आला मला. पण पुरता येईना.
कारण गिन्तारासचं पत्र मीच लिहिलं होतं कौनासला,
तेराव्या वर्षी मिसरूड फुटलेला,
वहीतले सगळ्यात मोठे आकडे त्याचेच.
नेला त्यांनी.
दोन हिवाळ्यांत बाकीची पोरं
त्याच्या खांद्यावरून वाढत निघून गेली.
आता माझ्याच पाळीला लोण्याची खोकी रचतो.
चांगला रचतो.
त्या पत्राबद्दल आम्ही बोलत नाही.

नऊ वाजले. विस्मांतासने टेप गुंडाळली.
दारात येरोनिमासची आई
त्याची टोपी कानांवर ओढत होती.
तो सवयीने गुडघ्यात वाकला होता,
आणि तरीही ती चवड्यांवर.

तौत्विदास टेबलापाशी आला.
मला वाटलं, विचारणार, काय म्हणाले ते.
त्याने वही स्वतःकडे फिरवली.
म्हणाला, ते नऊ कुठले?

एक एक पान काढून दिलं.
एकोणीस नोव्हेंबरच्या एका फुलीवर
त्याचं बोट बराच वेळ थांबलं.

त्या दिवशी हीटर बंद होता, तो म्हणाला.

मी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं.
हीटरला आमच्याकडे रकाना नाही.