काचपट्टी

सिडकोच्या जुन्या इमारतींचे तडे तपासते मी.
नेरूळ, सेक्टर अमुक, टाइप तमुक,
जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, गच्चीच्या दारापाशी.
तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवायची,
तारीख लिहायची, निघून यायचं.
महिन्याने काच शाबूत असेल तर तडा मेलेला.
फुटली असेल तर जिवंत.

सोसायटीवाले म्हणतात, मॅडम, वरून गिलावा मारून टाकू,
लग्न आहे घरात, रंग काढायचाय.
मी त्यांना रागावते.

आणि मी काय केलं?
डाव्या चवड्यावर, दुसऱ्या बोटाच्या मागे
रुपयाएवढी जागा दुखायला लागली
तेव्हा निळी टेप लावली, नाडी एक भोक सोडून बांधली
आणि पहाटे साडेचारला पाम बीचवरून
वाशी ते बेलापूर, बेलापूर ते वाशी.
एक्स-रेत काही दिसलं नाही.
किती आनंद झाला मला त्या न दिसण्याचा!
त्या आनंदावर आणखी अकरा दिवस पळाले.

मग एमआरआयत दिसली. केसाएवढी.
डॉक्टर मस्कारेन्हस पेन्सिलीच्या टोकाने दाखवत म्हणाले,
एका पावलाने नाही झालं हे.
ठाऊक होतं. हेच तर मी अहवालात लिहिते,
पान तीन, निष्कर्ष:
वजनाने नव्हे, वजनाच्या पुन्हापुन्हा येण्याने.

मग त्यांनी विचारलं, पाळी शेवटची कधी आली?
मी पाय दाखवायला आले होते.
बोटांवर महिने मोजू लागले,
एका हाताची बोटं संपली.
सिमेंट कमी पडत होतं
आणि मी मजल्यावर मजला चढवत होते.

सहा आठवडे करडा बूट, गुडघ्याखालपर्यंत,
पाच पट्टे, सोडताना कर्रर्र.
एक पाय उंच, एक बुटका, कमरेचं भलतंच दुखणं.
रविवारी ग्रुपवर बत्तीस किलोमीटरचे फोटो:
रेणुकादास घामाने निथळतोय, मागे खाडी,
खाडीत फ्लेमिंगोंचे गुलाबी ठिपके.
मी अंगठा पाठवायची. फोन उपडा ठेवायची.
आई म्हणाली, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास.
धोंडा असता तर बरं होतं, आई.
धोंडा दिसतो.

मनगटावरचं घड्याळ तासातासाला थरथरायचं: हला, हला.
एका दुपारी ते तांदळाच्या डब्यात खुपसलं.

पुढच्या तपासणीला पडद्यावर त्या रेघेभोवती
कापूस पिंजल्यासारखं काही जमलेलं.
हे कोणी भरलं? मी तर नुसती पडून होते,
दोन वेळ जेवत होते, तुपाला नको न म्हणता.
भिंतीने असं केलेलं
एवढ्या वर्षांत मी एकदाही पाहिलेलं नाही.

फेब्रुवारी. ज्वेलचा ट्रॅक. बूट घरी.
चार मिनिटं चालायचं, एक मिनिट पळायचं. बस.
कानटोप्या घातलेल्या हास्यक्लबच्या बायका
गवारीच्या भावावर बोलत मला मागे टाकून गेल्या.
मग ते मिनिट.
पाऊल टाकलं की ऐकायची,
हातोडीने खांब ठोकून ऐकते तशी,
पोकळ की भरीव.
साठ सेकंद संपले ते नेमके
ट्रान्सफॉर्मरच्या पेटीपाशी, तीवर कवटी आणि
‘धोका’.
तिथेच उभी राहून रडले.
नाक पुसायला काही नव्हतं.

रात्री अंगठ्याने ती जागा दाबून पाहिली.
काच शाबूत. आजची तारीख.

सकाळी मोकलांचा फोन, सेक्टर दहामधून:
मॅडम, गच्चीच्या जिन्यातली तुमची काच फुटली हो.
कोणी हात नाही लावला, आपोआप.
चार मजले, लिफ्ट नाही.
येते म्हटलं.
जरा हळू येईन.