गाव ऐकू आलं नाही

लोटूआप्पा फिरक्यांच्या मोटार वायंडिंगच्या दुकानावर
जळक्या मोटारींतून उकललेली तांब्याची तार
टाकीपासून मशिदीमागच्या कडुलिंबापर्यंत ताणलेली होती.
सावद्यातले लोक म्हणत, आप्पा तिच्यावर कावळे वाळत घालतो.
आप्पा म्हणायचा, हिच्यावर जपान येतं.

मी तेव्हा नववीत. अक्षर बरं, म्हणून मला स्टुलावर बसवलेलं,
मांडीवर केळीच्या हिशेबाची वही, मागून उघडलेली.
नाताळची सुटी चालू होती
आणि चार दिवसांपूर्वी समुद्र उठून बेटांवर चालत गेला होता.

समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता.
होता तो मिठात, आणि भूगोलाच्या पेपरात दोन मार्कांना.
तापी जाते समुद्राकडे, पण ती पश्चिमेच्या.
हा पूर्वेचा. आमच्या पाण्याची ओळख नसलेला.

भारनियमन सुरू झालं तसा
फकिरा मिस्त्री ट्रॅक्टरची बॅटरी खांद्यावर घेऊन आला.
"सकाई मले लागीन," एवढंच बोलला
आणि दारातच उकिडवा बसून राहिला, उजाडेपर्यंत.

सेटमध्ये नुसती मोहरी तडतडत होती.
मग त्या मोहरीखालून एक माणूस,
घसा बसलेला, नावं वाचणारा.
आप्पा प्रत्येक नाव परत म्हणायचा,
एकेक अक्षर सुटं करून, बोल्ट काढून ठेवावेत तसं.
मी लिहायची.

गुलशेर तडवी. कार निकोबार. मेसमध्ये आचारी. सुखरूप.
गाव पाल.
पापा, अल्फा, लीमा. बरोबर? ओव्हर.
मला भिंतीवरची पाल आठवून हसू फुटलं.
आप्पानं माझ्याकडे पाहिलं फक्त.
त्यानंतर त्या रात्री मी हसले नाही.

पहाटे लुनावर आम्ही दोघं,
कानाला मफलर, बोटं बधिर, रावेर मागे पडलं, सातपुडा समोर आला.
गुलशेरची आई शेळ्या सोडत होती.
आप्पानं वहीतून वाचून दाखवलं, जसंच्या तसं, "सुखरूप" दोनदा.
ती आधी काहीच बोलली नाही.
मग विचारलं, समुद्र हतनूरच्या धरणाएवढा असतो का?
आप्पा म्हणाला, थोडा मोठा.
तिनं आम्हाला काळा चहा दिला, गूळ घालून,
आणि फकिरासाठी, ज्याला ती ओळखत नव्हती,
भुईमुगाच्या शेंगा पदराच्या टोकात बांधून आणल्या.
बॅटरी कुणाची ते आप्पानंच सांगितलं होतं.

एकतीस नावं आली त्या आठवड्यात.
खानदेशची चारच. बाकीची आप्पानं पुढे दिली,
नागपूरला, हैदराबादला, जिथे कुणी जागं होतं तिथे.

पाचवं नाव अकराव्या पानावर आहे.
पाटील. बांधकाम खातं. जिल्हा जळगाव. गाव
आणि मोहरी.
नंतर स्पष्ट, घंटेसारखं: सुखरूप. ओव्हर.
आप्पा ओरडला, पुन्हा सांगा, गाव पुन्हा सांगा.
पलीकडे दुसऱ्याच कुणाची नावं सुरू झाली होती.

आता आमच्याकडे पाटील नसलेलं गाव दाखवा मला.
आप्पानं एस.टी. कंट्रोलरला सांगितलं, तलाठ्याला सांगितलं,
बाजाराच्या दिवशी फैजपूरच्या चौकात उभा राहून सांगितलं:
कुणाचा पाटील अंदमानला असेल तर तो बरा आहे.
दोघी बायका आल्या. एकीचा गोव्याला होता,
एकीला खात्रीच नव्हती.

वही आता माझ्याकडे आहे.
आप्पा गेल्यावर तार कुणीतरी किलोवर विकली,
कडुलिंबाच्या खोडात मात्र तिचा काच राहिलाय,
सालीनं अर्धा गिळलेला.

अकराव्या पानावर "गाव" या शब्दापुढे
मी तेव्हा बोटभर जागा सोडली होती.
आप्पानं पेन्सिल तिथेच, वहीच्या शिवणीत खोचून ठेवली.
तिला टोक आहे अजून.