शिंगाळ्याचा काटा

शिंगाळ्याचा काटा तळहातात मोडला, एवढंच.
शेवंती कुबल दुकानात आली, हात पदरात गुंडाळलेला.
चिठ्ठी नव्हती. मीही मागितली नाही.
देवगडात भर दुपारी कोण मागतं?
सल्फाच्या दोन पट्ट्या दिल्या,
सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर.
तिच्याकडे सुट्टे नव्हते, दोन रुपये मीच सोडले.

आठव्या दिवशी डोळे लाल.
मग ओठ, मग पेजही गिळेना.
तिला वाटलं उष्णता, सोलांचं पाणी प्यायली.
रात्रीतून अंगभर फोड,
आणि कातडी अशी सुटत गेली
जशी ती स्वतः रोज सोलते सुंगटं.

ओरोसहून बांबुळीला.
चादर पाठीला चिकटायची.
सिस्टर म्हणाली, केळीची पानं आणा, कोवळी बघून.
बाबल अनोळखी परसांतून हिंडला,
पानांच्या शिरा काढल्या, तेल लावलं,
ज्यावर भात वाढतात
त्यावर बायको निजवली. एकवीस दिवस.

हे त्यानेच सांगितलं मला. ओरडला नाही.
उरलेल्या चार गोळ्या काउंटरवर ठेवल्या
आणि गेला.

आता तिच्या बटव्यात एक कार्ड असतं,
लाल शाईत औषधाचं नाव.
नखं परत आलीत, वेडीवाकडी.
महिन्यातून दोनदा येते, डोळ्यांचे थेंब न्यायला.
मी पैसे नको म्हणतो. ती मोजून ठेवते.
परवा म्हणाली,
"रडाक येता रे, पन पाणी येणा नाय.
ता तुझ्याच दुकानातला इकत घेतंय."

आणि सुट्ट्या दोन रुपयांसाठी
हात पुढे करून उभी राहिली.