शून्य कुठे करायचं

डबी काडेपेटीहून थोडी मोठी.
रबरी वाटीला थुंकी लावून
तन्मय भालेकरने ती काचेला चिकटवली.
म्हणाला, काका, ही खोटं बोलत नाही.

मी भोसरीत एकतीस वर्षं मापांची मापं काढली.
वजनकाटे, दाबमापक, मायक्रोमीटर,
सगळे आपापल्या परीने खोटं बोलतात.
किती, आणि कुठल्या बाजूला,
एवढं कळलं की त्यांच्याशी संसार करता येतो.

आधी सपाट जागा दाखव म्हटलं,
तिथे हिला शून्य शिकवू.
दस्तगीरच्या गॅरेजात गोटी सोडली, ती थेट गटाराकडे.
पंपावर सोडली, हवेच्या मशीनकडे.
सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमनने ती चपलेखाली धरली
आणि विचारलं, कुणाच्या फ्लॅटमधली?
या गावात प्रत्येक फरशीचं
कुठल्या ना कुठल्या नदीशी आतून संधान आहे.
शेवटी मागच्या चाकांखाली शहाबादीचे तुकडे सरकवले,
पाणसळीतला बुडबुडा मधे येऊन थांबला.
हे शून्य. आता याला हात लावायचा नाही.

मोशीच्या पलीकडे एक रस्ता
उद्घाटनाची वाट बघत पडून आहे.
पहाटे साडेपाच. फक्कीच्या दोन रेघा,
मधे टेपने मोजलेले चारशे मीटर.
पलीकडच्या रेघेवर दस्तगीर,
गळ्यात लेकीच्या शाळेतलं स्टॉपवॉच.

चढाने: घड्याळ अठरा पॉइंट नऊ. डबी सतरा पॉइंट तीन.
उताराने: घड्याळ सतरा पॉइंट सहा. डबी सतरा पॉइंट तीन.

बघा काका, दोन्हीकडे सेम!

दोन्हीकडे सेम, हेच तर दुखणं.
चढ तिला दिसत नाही, उतार तिला दिसत नाही,
तिला कळतो फक्त पाठीवरचा रेटा.
त्यातला किती वेगात गेला
आणि किती नुसता वर चढण्यात,
हा हिशोब तिच्याकडे नाही.
शिवाय तू पाय दाबलास की गाडी मागे बसते,
नाक उचलते दीडेक अंश,
तेवढ्या फटीतून पृथ्वीची ओढ तिच्यात सांडते
आणि तिला वाटतं, काय पळतोय आपण!
नाक वर असलं की वेग जास्त वाटतो,
हे मात्र मी बोललो नाही.
पोरगा उपाशीपोटी आला होता.

मग खरा आकडा कुठला?
दोन्ही घड्याळांची बेरीज कर, निम्मी घे.
सव्वाअठरा.

सायलेन्सर, फिल्टर, आतला प्रोग्रॅम
बदलण्याआधी दस्तगीरने मोजलं होतं
तेव्हा साडेअठरा.
चाळीस हजारांत पाव सेकंद.
तन्मय स्टिअरिंगवरची धूळ पुसत राहिला,
नव्हतीच ती फारशी.
दस्तगीर म्हणाला, अरे, सुट्टा पाव सेकंद
कुठल्या दुकानात मिळतो? आला ना!

मग त्याने मोबाइल काढला,
डबीचा फोटो नीट उजेडात घेतला
आणि सतरा पॉइंट तीन मित्रांना पाठवून दिला.
मी बघितलं नाही असं केलं.

गाडी कडेला उभी. इंजिन बंद, हँडब्रेक वर.
डबीवर मात्र आकडा: ताशी तीन.
धावताना साठलेल्या बारीक चुका,
प्रत्येकीने आपलं चिमूटभर ठेवून दिलेलं.
काचेबाहेर बाभळीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

कंपनी सोडून मला चौदा महिने झाले.
पावणेसातची बस अजून रोज येते, मी चहाचा कप खाली ठेवतो.

रीसेट करू? तन्मयने विचारलं.
राहू दे म्हटलं.
दस्तगीरने थर्मास उघडला,
आणि त्या न उघडलेल्या रस्त्यावर
आम्ही तिघं चहा प्यायलो
ताशी तीन किलोमीटरने.