मांडी

जुबैलच्या हॉस्पिटलात डॉक्टर कागदावर
दोन चौकोन काढतात.

पहिला: माझ्याच मांडीची साल,
रंध्यासारख्या यंत्राने पातळ काढून
भोकं पाडून ताणायची, पाठभर पुरवायची.
"जाळंच की," मी म्हणतो. हर्णैला अब्बा विणायचे.
शोशम्मा सिस्टर अरबीत सांगते, डॉक्टर हसतात.

दुसरा: डब्यातून येणारी.
गाईच्या कशापासून तरी केलेली,
वर सिलिकॉनचा पापुद्रा.
उघडी पाठ लगेच झाकते,
पण तीन आठवड्यांनी पापुद्रा सोलून
पुन्हा मांडीकडेच यायचं,
जरा पातळ साल घ्यायला.
डब्यावर मुदतीची तारीख आहे.
माझ्या इकाम्याची त्याआधी संपते.

कंपनीचा मुकादम दारातूनच विचारतो,
स्वस्त कुठली?

मी मांडी दिली.

आता पालथा पडून आहे.
पाठ जिथे खोल जळाली
तिथे काहीच कळत नाही, सिस्टर म्हणते, नसा गेल्या.
मांडी मात्र रात्रभर आग आग करते,
ती तर त्या दिवशी
जाड डांगरीत सुखरूप होती.

फोनवर सुरैया विचारते,
आवाज असा का येतोय?
उशीत तोंड आहे, म्हणतो.
ती गप्प.
तिकडे मिक्सर बंद झाल्याचं
ऐकू येतं.