काठी क्रमांक सतरा

दापोलीच्या कचेरीत पंखा फिरतो,
वारा टेबलापर्यंत येत नाही.
नाव?
सुगंधा जनार्दन चोगले.
हुद्दा?
होमगार्ड. म्हणजे बोलावलं तर.
एरवी हर्णैच्या बंदरावर कोळंबी सोलते,
किलोवर पैसे, बोटांना बर्फाच्या भेगा.

प्रशिक्षण किती दिवसांचं?
दहा. त्यातले दोन
मंत्र्यांच्या हेलिपॅडला चुना मारण्यात गेले.
उरलेल्यात शिकवलं: सावधान, विश्राम, डावीकडे वळ,
मारायचीच वेळ आली तर कमरेखाली.
कधी मारायची नाही, त्या तासाला
शिकवणारे हवालदार रजेवर होते.

साहेबांचं पेन थांबतं. हे लिहू?
लिहा.

त्या संध्याकाळी लिलाव उशिरा लागला.
भरती चढत होती, बैल पोटापर्यंत पाण्यात,
सुरमईच्या एका पाटीवरून दोन तांडेल जुंपले
आणि मधे सापडला टीकाराम,
नेपाळचा खलाशी, ‘दर्यादौलत’वरचा.
विलास म्हणाला, बाजूला हो.
तो हसला.
कळलं नाही की तो हसतो,
हे बंदरावरच्या मांजरांनाही ठाऊक आहे.
विलासला ठाऊक नव्हतं?
होतं.

कमरेखाली नाही. मनगटावर.
आवाज लहानच झाला,
खेकड्याची नांगी मोडावी तेवढा.
लिलाव थांबलासुद्धा नाही.

विलास पेवेकर वाईट माणूस नव्हे, हेही लिहा.
वादळाच्या रात्री माझ्या सासूला
पाठीवर घेऊन शाळेत नेलं त्यानं,
पत्रे उडत असताना.
चार महिन्यांचा भत्ता थकलाय त्याचा.
साहेब म्हणतात, ते या रकान्यात बसत नाही.
मग दुसरा रकाना आखा.

मी ठाण्यात गेले होते आधी.
ठाणं म्हणालं, तो दलाचा माणूस.
दलात गेले. दल म्हणालं,
त्या दिवशी तो ठाण्याच्या हुकमाखाली.
दोन्हीकडे चहा मिळाला.
टीकाराम कोणाच्या हुकमाखाली मोडला,
हे विचारायला तिसरं दार नव्हतं,
म्हणून अर्ज टपालात टाकला,
म्हणून तुम्ही आलात, सात आठवड्यांनी.

मधल्या काळात घरी निरोप आला:
एका गणवेशातली माणसं आपण, बाई,
जरा सांभाळून घ्या.
गणवेश माझा नाही हो.
शर्ट जावेच्या दिराचा, उसवून आणलेला.
शिटी तेवढी माझी, स्वतःच्या पैशांची.

आणि तीच तर तोंडात होती माझ्या.
वाजवली नाही.
हे तुम्ही विचारलं नाहीत,
पण लिहा.

मी रजिस्टर पाहिलंय त्या तारखेचं.
बंदोबस्त शांततेत पार पडला.
काठी क्रमांक सतरा, परत जमा, सुस्थितीत.
काठीला रजिस्टर आहे, शिक्का आहे,
वर्षातून एकदा तेलपाणी आहे.

सही करते. बोटं पेन नीट धरत नाहीत,
अक्षर खवल्यांसारखं सांडतं कागदावर.

चौकशी चालू आहे, असं कळतं.
विलास टमटम चालवतो, मला पाहिलं की
हॉर्न न वाजवता वळण घेतो.
टीकाराम एका हातानं जाळं विणतो,
दुसरं टोक दातात.

परवा जत्रेच्या बंदोबस्ताची यादी लागली.
गोदामात रांगेनं काठ्या वाटल्या,
माझ्या हातात आली सतरा.
टोकाला नवा रंग, मुठीला जुना घाम.
कारकुनानं रजिस्टर पुढे सरकवलं:
सुस्थितीत मिळाली, सही करा.

त्या शब्दापुढे थोडी जागा होती.
तिथे मी टीकारामचं नाव लिहिलं,
मनगट, उजवं.

कारकून म्हणाला,
रजिस्टर खराब केलंत, बाई.