नग सात

बावीस वर्षं मी ह्या ठाण्यात लिहितो आहे.
लिहितो गुजरातीत, मोजतो मराठीत.
अक्षर बरं म्हणून रायटर झालो,
नाहीतर ह्या गोजऱ्याला
मांडवीच्या चौकात शिट्टी फुंकत म्हातारं व्हावं लागलं असतं.

रात्री पावणेदोनला त्याला आणलं.
केयूर कहार, राहणार वाडी,
वय वर्षं अठरा, दिवस एकोणीस.
मुद्देमाल: गलोल एक,
खडे चौदा, सगळे एका मापाचे, धुतलेले.
नुकसान: रस्त्यावरचे दिवे, नग सात.

एकोणीस दिवस.
मी बोटांवर पुन्हा मोजले.

बाकावर सोसायटीचे चौघे, चपलांसकट झोपेतून उठून आलेले.
"लिहा ने साहेब. आज दिवे, उद्या डोकी."
आता सगळं संगणकावर जातं,
तरी कच्चा मसुदा मी हातानंच करतो.
समास आखला. तारीख टाकली.
जाडेजा मॅडम म्हणाल्या, "गोजरे, थांबा.
सकाळी मंगळवार आहे."

मंगळवारी कारेलीबागच्या इस्पितळातून झरणाबेन येतात.
जप्तीच्या स्कूटरी सरकवून त्यांना टेबल दिलंय,
एक पाय आखूड, खाली दुमडलेलं समन्स.
पहिल्या आठवड्यात आम्ही खूप हसलो होतो,
वेड्यांची डॉक्टर ठाण्यात, म्हणजे आपल्याचसाठी की काय.

त्यांनी त्याला 'का फोडलेस' विचारलं नाही.
विचारलं, "शेवटचा कधी झोपलास?"
तो मोजू लागला.
मोजता मोजता चहावर साय धरली.

मी दाराशी फाइल घेऊन उभा. ऐकायचं नव्हतं, ऐकलं.
पप्पांना जाऊन पाच महिने.
रात्री दिवा लागतो, उजेड खिडकीतून खाटेवर पडतो,
आणि खाटेवर पप्पा उठून बसतात.
बोलत नाहीत. नुसते बसतात.
खालून कळेना, नेमका कुठला दिवा तो.
सहा चुकले.

माझ्या हातात फाइल होती,
डोक्यात दुसरीच आली. सन दोन हजार नऊ.
देवळाबाहेरून बूट चोरणारा एक पोरगा.
बूट नऊ, नऊच्या नऊ डाव्या पायाचे.
मी लिहिलं: बूट, नग नऊ.
डाव्या पायाला रकाना नव्हता.
कोर्टात कारकुनानं माझ्या अक्षराची तारीफ केली होती
आणि मी ती घरी येऊन बायकोला सांगितली.
तो पोरगा पुढे तीनदा आला.
तिसऱ्यांदा चोरी नव्हती, चाकू होता.

केयूरचं काय झालं, ते थोडक्यात:
गुन्हा नोंदवला नाही. डायरीत दोन ओळी.
सहा महिने दर मंगळवारी झरणाबेनकडे,
रात्री अर्धी गोळी,
आणि रविवारी महापालिकेच्या हसमुखभाईंची शिडी धरायची,
सातही दिवे पुन्हा लागेपर्यंत.
चौघांपैकी तिघांनी सही केली.
चौथे काका पाय आपटत गेले. अजून मला ओळख देत नाहीत.
त्यांच्या मोटारीची काच खरोखर फुटली होती,
त्यांचंही खोटं नाही.

सातव्या दिव्यापाशी पोरगा शिडी धरेना.
हसमुखभाई वरून ओरडले, शिवी दिली,
मग खिडकीकडे बघितलं,
आणि पान्यानं दिव्याची मान
लिंबाच्या झाडाकडे जराशी फिरवली.
रस्ता दिसतो. खाट दिसत नाही.

चौथ्या मंगळवारी तो आलाच नाही.
अडीच. तीन. झरणाबेन पेन आपटत बसलेल्या.
मॅडम म्हणाल्या, "मला वाटलंच होतं."
मलाही वाटलं होतं. मी कोरा कागद काढूनही ठेवला.
भीखूला बाइकवर पाठवलं.

साडेतीनला भीखूचा फोन.
"साहेब, झोपलाय.
त्याच खाटेवर.
तोंड उघडं, माशी बसलीय, तरी हलत नाही.
आई दारातच उभी आहे, आत जाऊ देत नाही.
उठवू?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं.
मी झरणाबेनकडे.

हजेरीच्या चोपडीत त्या तारखेपुढे
अजून काही लिहिलेलं नाही.